जठरव्रण : दोष स्वभावाचा नव्हे

पोटात जळजळ सुरू झाली की आपण तिला ‘पित्त’ म्हणून मोकळे होतो. एखादी आम्लनाशक गोळी चघळून कचेरी गाठली जाते, वर्गावर तास घेतला जातो आणि दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते. पुढे जठरव्रणाचे, म्हणजेच अल्सरचे निदान झाले, तर दोष तिखट जेवणाला व काळजीखोर स्वभावाला दिला जातो.

वैद्यकशास्त्राचीही दीर्घकाळ बव्हंशी हीच धारणा होती. जठरातील तीव्र आम्लात जंतू तग धरणार नाहीत, असे मानले जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन यांना मात्र रुग्णांच्या जठराच्या अस्तरात वक्राकार जंतू वारंवार आढळत होते. ते वाढविण्याचे त्यांचे व बॅरी मार्शल यांचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत वाढ न दिसल्यास नमुने टाकून दिले जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे नमुने अधिक दिवस राहिले आणि जंतू वाढलेले दिसले. तरीही शंका फिटेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला दाह जडला. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या जंतूच्या शोधाबद्दल उभयतांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे प्रमुख कारण आपल्या खिशातच असते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यास जठराच्या अस्तराचे नैसर्गिक संरक्षण क्षीण होते. धूम्रपानाने व्रण भरून येण्यास विलंब लागतो. तिखटाने वा चिंतेने त्रास वाढू शकतो. पण त्यांना मूळ कारण मानणे योग्य नव्हे.

पोटाच्या वरच्या भागात आग, रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री उठणारी कळ, मळमळ व थोड्या घासांतच पोट भरणे ही लक्षणे होत. शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे ही रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात; अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

जंतू आढळल्यास प्रतिजैविके व आम्लरोधक औषधे यांचा सुमारे दोन आठवड्यांचा क्रम सामान्यतः पुरेसा ठरतो. तो अर्धवट सोडू नये. ‘काळजी करणे सोडा’ हा उपदेश कितीही सद्‌हेतूने केलेला असो, त्याने जंतू मरत नाही. रुग्णाला गरज असते ती तपासणीची.