सात दिवसांत पाच किलो : एक हिशेब

‘सात दिवसांत पाच किलो वजन घटवा!’ ही जाहिरात पूर्वी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असे, आता ती मोबाइलच्या पडद्यावर असते. दर दोन-चार वर्षांनी नवी टूम निघते. कोणी नुसती फळे खायला सांगतो, कोणी कोबीचे सूप, तर कोणी भात साफ वर्ज्य करतो. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेली आमची रत्नागिरीची मुलेही आता भाताकडे संशयाने पाहू लागली आहेत! अकरावीच्या वर्गात दुपारी डबाच न उघडणाऱ्या काही मुली मला दरवर्षी दिसतात. प्रयोगशाळेत उभ्या उभ्या घेरी येते, ती बहुधा त्यांच्यापैकीच एखादीला.

या जाहिरातीतला दावा तपासायला डॉक्टर असण्याची गरज नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आणि साधा गुणाकार एवढे पुरे.

शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जेचा साठा. एक किलोकॅलरी उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे एवढ्या ऊर्जेत ३० अंशांचे ११० लिटर पाणी उकळीला येईल. पाच किलो चरबी जाळायची तर ३८,५०० किलोकॅलरी खर्च व्हायला हव्यात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा दिवसाचा खर्च ढोबळमानाने २,२०० किलोकॅलरी धरू. तिने आठवडाभर अन्नाचा कणही घेतला नाही, तरी खर्च होणार १५,४००. म्हणजे दोनच किलो चरबीचा! मग काट्यावर पाच किलो कमी दिसले, तर उरलेले तीन किलो गेले कुठे?

त्यातला मोठा वाटा पाण्याचा. आपले यकृत आणि स्नायू मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन साठवतात. हा शरीराचा हाताशी ठेवलेला पिष्टमय साठा. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकलेले असते. उपासमार सुरू झाली की एक-दोन दिवसांत हा साठा संपत येतो, पाणी मोकळे होऊन बाहेर पडते आणि दीड-दोन किलो ‘घटतात’. पुन्हा जेवायला लागा, तेही पाण्यासकट परत येतात. टूम काढणाऱ्याचे निम्मे यश या पाण्यावर तरंगते.

दुसरा वाटा अधिक महागात पडणारा आहे. मेंदूला ग्लुकोज लागते आणि चरबीपासून ग्लुकोज जवळजवळ बनतच नाही. मग शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून ते तयार करते. आता गंमत पाहा. स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असल्यामुळे एक किलो स्नायू मोडून जेमतेम हजारभर किलोकॅलरी मिळतात. तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबी जळाली असती तर १३० ग्रॅम पुरली असती. म्हणजे नको ते जळते तेव्हाच काटा झपाट्याने खाली येतो! काटा बिचारा गुरुत्वाकर्षणाचे बल मोजतो. ते बल चरबीवरचे की दंडाच्या स्नायूवरचे, हे त्याला कळत नाही.

शरीरही स्वस्थ बसत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चही खूप खाली आला. नाडी मंदावली, थंडी सोसेना, चिडचिड वाढली. मने सतत अन्नातच गुंतलेली, इतकी की काही जण पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसत. पुढे पोटभर खायला मिळाल्यावर अनेकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. १९७७-७८ साली तिथेच नुसत्या ‘द्रव प्रथिनां’वर राहण्याची टूम निघाली होती. तिच्या पायी सुमारे ६० माणसे दगावली, बरीचशी हृदयाचे ठोके बिघडून.

आपल्याकडे २०१८ च्या सुमारास घरोघर वाद रंगला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या सल्ल्यांवरून. दीक्षितांचा सल्ला डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेला : दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि रोज चाला. दिवेकरांचे म्हणणे : थोड्या थोड्या वेळाने, घरचे, आपल्या प्रदेशात पिकणारे खा. दोघेही जाणकार, दोघांचाही रोख साखर आणि पाकीटबंद पदार्थांवर. माझ्या मते घोटाळा झाला तो ऐकणाऱ्यांकडून. सल्ल्यातले सोयीचे तेवढे वाक्य उचलायचे आणि घरातल्या सगळ्यांना लावायचे! दोन वेळच्या जेवणाचा हा सल्ला १८ वर्षांखालील मुलांसाठी नाही, हे दीक्षितांनीच सांगितलेले असताना तो शाळकरी मुलांपर्यंत पोचलाच.

या वयात प्रश्न केवळ चरबीचा नसतो. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत भरला जातो. त्या काळात कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडली, तर पुढे ती तूट भरून निघणे कठीण. रक्ताचे तर विचारूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यात बांगडा, कुळथाची पिठी, पालेभाजी ताटातून काढून काकडीच्या रसावर राहायचे, म्हणजे लोह यायचे कुठून? वजन खरोखरच जास्त असेल, तर ते डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू उतरवता येते. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे दिवसाला ५५० किलोकॅलरींची तूट, आणि तिच्यातला काही भाग खेळून, चालून भरता येतो.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. चांगला वजनकाटा मिळवा. विद्यार्थ्याने वजन करावे, अर्धा लिटर पाणी प्यावे आणि पुन्हा काट्यावर उभे राहावे. मग घरी सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, खेळून घामाघूम झाल्यावर अशा तीन-चार नोंदी घेऊन दिवसाचा आलेख काढावा. आलेखात मूळ वजन न लिहिता फक्त सकाळच्या नोंदीपासूनचा फरक मांडावा, म्हणजे कोणाला संकोच वाटणार नाही. एका दिवसात किलोभर वर-खाली होणारी ती रेषा पाहून प्रत्येकाने सांगायचे : यात चरबी किती ग्रॅम असेल?