केबिनखालचं रबर

गिऱ्हाईक येतं ते दाराची तक्रार घेऊन. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, बिजागऱ्या बदला म्हणतं. नारायणगावात टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या जुन्या पिकअप असल्या की मी आधी दाराच्या फटी बघतो. फट वर बारीक, खाली रुंद दिसली, तर बिजागरीचा काही दोष नसतो. केबिन त्या कोपऱ्यात बसलेली असते.

पिकअपची केबिन चासीला जोडून ओतलेली नसते, बोल्टने वरून बसवलेली असते. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की चासी पिळवटते. तो पीळ आणि इंजिनची थरथर केबिनपर्यंत जाऊ नये म्हणून प्रत्येक बोल्टाला जाड रबर असतं: एक चासीच्या वर, एक खाली, मधून लोखंडी नळी. मॉडेलप्रमाणे असे चार, सहा किंवा त्याहून जास्त जोड. इंजिनच्या धगीने रबर कडक होऊन तडकतं, ऑइलच्या ओघळाने फुगून लिबलिबीत होतं.

बरेच जण बोल्टच आवळून बघतात. उपयोग नाही. बोल्ट त्या नळीवर टेकतो, नळी काही दबत नाही. रबर झिजून बुटकं झालं की बोल्ट घट्ट आणि केबिन तरी मोकळी. मग खडखडीचा आळ पाट्यांवर आणि शॉकअपवर येतो, तिथेच पैसे जातात. टामी घालून केबिन जरा उचला. जिथे फट उघडते तिथलं रबर गेलं.

बदलायचं तर सगळी बदला. नवं एका कोपऱ्यात नि जुनी बाकी ठिकाणी, म्हणजे केबिन पुन्हा तिरकी. एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करायचे. फळी ठेवून जॅकने केबिन हळूहळू उचलायची, नवं रबर सरकेल एवढीच. उचलताना एक डोळा स्टिअरिंगच्या जोडावर, ब्रेकच्या पाइपवर, गिअरच्या दांड्यावर आणि अर्थिंगच्या वायरीवर. खाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय फटीत बोटं घालायची नाहीत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणारी पोरं मी गॅरेजात ठेवत नाही. रबर बसेना तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात जास्त, पण थरथर वर पाठवतात. दिवसभर गाडीत बसणाऱ्याला मी साधं रबरच देतो. काही शे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासून घ्यायचे.

रबराचं काम सोपं, खरी झटापट गंजलेल्या बोल्टाशी. आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. तरी कधी आतला वेल्डिंगचा नट सुटून बोल्टासोबत गरगरतो. मग मॅटिंग उचलून फ्लोअरचा पत्रा कापावा लागतो, नवा नट वेल्ड करावा लागतो. त्या दिवशी मजुरी रबराच्या किमतीच्या कितीतरी वर जाते, आणि ते मी गाडी जॅकवर घेण्याआधीच सांगून टाकतो.