अनुदानाचा अर्ज लिहिताना

छळ सोसणाऱ्या बाईसाठी मदत केंद्र काढायचं तर पैसा लागतो आणि पैशासाठी प्रस्ताव लिहावा लागतो. ‘महिलांवर अत्याचार वाढलेत’ एवढ्यावर कुणी निधी देत नाही. नेमकी अडचण सांगावी लागते.

मुंबईचं उदाहरण घ्या. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे दादरलाही झाला. विचार सरळ होता: बाई तक्रार घेऊन पोलिसांकडे येते, तर समाजसेविकेनेही तिथेच बसावं. नंतर राज्य सरकारने हे काम उचलून धरलं.

तुम्हीही तसंच लिहा. बाई आज कुठे जाते, कुठे अडते, आपण तिथे काय करणार? मानधन, प्रवास, फोन यांचा खर्च वेगवेगळा दाखवा. वर्षअखेर काय मोजणार तेही सांगा: किती जणी आल्या, किती जणींना संरक्षण आदेश मिळाला.

एक पथ्य पाळा. कुणाही बाईचं नाव, फोटो, गाव अर्जात घालू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख छापणं, जाहीर करणं हा तर गुन्हाच आहे. निधी पुन्हा मागता येतो. फुटलेलं नाव परत घेता येत नाही.