पाळी गेली, तरी गोळी कशासाठी?



परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथे उपचाराला आलेली गावाकडची पुष्कळ माणसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर माझ्या थोरल्या वहिनीही तेथेच राहिल्या. घरी निघताना डॉक्टरांनी बजावले होते, रोज एक गोळी, पाच वर्षे. पेरणीच्या दिवसांत सांधे आखडले आणि वहिनींनी गोळी परस्पर बंद केली. वर मलाच विचारले, "भाऊजी, पाळी जाऊन दहा वर्षे झाली. आता कसले हार्मोन?"

प्रश्न रास्त आहे. नाचणीला मोड आणून तुम्ही सत्त्व करता. मोड येताना दाण्यातले विकर, म्हणजे एन्झाइम, पिठाची साखर करते. आपल्या शरीरातही अशी विकरे आहेत. काही विकरे स्टेरॉइड जातीचे हार्मोन घडवतात. अरोमाटेज हे त्यांतलेच एक.

पाळी गेल्यावर अंडाशय थकते. पण मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून पुरुषी हार्मोन झिरपत राहतात. चरबी, स्नायू आणि कातडी यांतले अरोमाटेज त्यांचे इस्ट्रोजेन बनवते. स्तनाचे सगळेच कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसत नाहीत. कोणता पोसतो हे गाठीचा तुकडा तपासून कळते. अशा रोगाच्या चुकार पेशी शस्त्रक्रियेनंतरही अंगात राहिल्या, तर त्यांची पाणीपाळी चालूच राहते. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या अरोमाटेजला रोखतात. तणाचे पाणी पाटातच अडवावे, तसे हे काम आहे. गोळी थांबली की पाट पुन्हा वाहू लागतो.

या गोळ्यांनी सांधे दुखतात, हाडेही ठिसूळ होऊ शकतात. ते अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. वहिनींना आम्ही पुन्हा परळला नेले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता तुळशीला पाणी घातले की त्या पहिली गोळी घेतात.

मात्र शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. पाळी चालू असेल, तर अंडाशय इस्ट्रोजेन बनवतच असते. तेथे ही गोळी एकटी पुरत नाही.

आणि गाठ दुखत नाही म्हणून लपवू नका. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटाची प्रशिक्षित सेविकांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते.

पिकावरची कीड आपण वेळेवर पाहतो. स्वतःकडेही तेवढे लक्ष द्या.