पर्यावरण परवानगी : सूट कोणाला, कुठवर?

कागद दोन, कायदे वेगळे

• पर्यावरण मंजुरी : काम सुरू करण्यापूर्वी घ्यायची. आधार १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना. ‘अ’ गटाचे प्रकल्प केंद्राकडे, ‘ब’ गटाचे साधारणपणे राज्य प्राधिकरणाकडे. ‘ब’मधल्या ‘ब-२’ उपगटाला पर्यावरण परिणाम अहवाल नाही, जनसुनावणीही नाही.

• संमतीपत्र : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, जल कायदा १९७४, वायू कायदा १९८१. एका कागदातून सुटका म्हणजे दुसऱ्यातूनही सुटका नव्हे. इथेच अनेकांची गल्लत होते.

• बांधकाम : २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधीव क्षेत्राला पर्यावरण मंजुरी लागत नाही.

• पांढरा गट : संमतीपत्रातून सूट असलेला. त्यात प्रदूषण निर्देशांक २०पर्यंतचे उद्योग होते. हिरवा २१ ते ४०, नारिंगी ४१ ते ५९, लाल ६० व पुढे, असे २०१६चे वर्गीकरण होते.

• गावातली सूट (पर्यावरण मंजुरीतून, जानेवारी २०१६) : कुंभाराने मडकी-पणत्यांसाठी हाताने खणलेली माती, पूर ओसरल्यावर शेतकऱ्याने शेतातून काढलेली वाळू, सामुदायिक कामातून उपसलेला गावतळ्यातला गाळ, पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्यासाठीची विहीर. ही सूट रास्तच. माणसाच्या हाताला मर्यादा असते.

• रस्त्यांसाठीची सूट : २८ मार्च २०२०, टाळेबंदीचे पहिले दिवस. रस्ते, पाइपलाइन अशा कामांसाठीचे माती-उत्खनन मंजुरीतून वगळले गेले. लोकांच्या हरकती मागवल्या नाहीत. किती माती, किती क्षेत्रातून, याची मर्यादाही घातली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी ही सूट रद्द केली.