फेक कुणाची, झेल कुणाचा?

धानाची कापणी आटोपली की वडसा (देसाईगंज) परिसरात दोन गोष्टींचे दिवस येतात : झाडीपट्टीच्या नाटकांचे आणि क्रिकेटचे. रिकाम्या बांध्यांत सामने रंगतात. सीमारेषेवरून एखाद्या मुलाने फेकलेला चेंडू थेट यष्टिरक्षकाच्या हातात आला, की ‘काय हात आहे पोराचा!’ अशी दाद मिळते. तो हातून सुटला, तर बोल अनेकदा फेकणाऱ्यालाच लागतो. पण झेलला म्हणजे फेक चांगली आणि सुटला म्हणजे वाईट, हे खरे आहे का?

अमेरिकन फुटबॉलमध्येही हाच प्रश्न पडतो. तिथे क्वार्टरबॅक धावत्या साथीदाराकडे लांब पास फेकतो. २० यार्ड म्हणजे सुमारे १८ मीटर किंवा त्याहून लांबचा पास सहसा ‘डीप’ समजतात. साथीदाराने झेलला तरच तो यशस्वी मोजला जातो. म्हणजे एकाच आकड्यात दोघांचे कसब मिसळते. चपळ साथीदार वाकडी फेक सांभाळून घेतो, ढिसाळ साथीदार चांगली फेक वाया घालवतो. म्हणून दोघांना वेगवेगळे पारखावे लागते.

आधी फेक पाहू. ताशी ९० किलोमीटर वेगाने, ३५ अंशांच्या कोनात फेकलेला चेंडू हवेचा अडथळा नसता तर सुमारे ६० मीटर गेला असता आणि जवळपास तीन सेकंद हवेत राहिला असता. वेग १० टक्क्यांनी वाढला, तर हे अंतर २१ टक्क्यांनी वाढते. हा वेग एकट्या हाताचा नसतो. पाय, कंबर, धड, खांदा आणि मनगट अशा क्रमाने जोर चेंडूपर्यंत पोचतो.

झेलणाऱ्याचे कसब निराळे. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देव यांनी मागे धावत व्हिव्ह रिचर्ड्स यांचा झेल घेतला. अशा वेळी कोणी गणित मांडत नाही. नजर चेंडूवर ठेवून खेळाडू आपली धाव जुळवत राहतो. चेंडूकडे पाहणारी नजर फार झपाट्याने वर जाऊ लागली, तर चेंडू डोक्यावरून मागे पडणार; वर जायची थांबून खाली येऊ लागली, तर पुढे पडणार. हा अंदाज सरावाने येतो.

पारख घरच्या घरीही करता येते. यष्टीभोवती चुन्याने दोन पावलांचे वर्तुळ आखा. मुलाला ठरावीक अंतरावरून दहा फेकी करू द्या आणि वर्तुळात किती पडल्या ते मोजा. त्या वेळी झेलायला कोणी नको. मग झेलणाऱ्याला दुसऱ्याच्या हातून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे चेंडू द्या.

मात्र फेकींची संख्या आवरा. वाढत्या वयात दंडाच्या हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेची पट्टी असते. हाड तिथूनच वाढते आणि सततच्या जोरदार फेकींनी तिला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये म्हणूनच ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकू देतात. फेकताना खांदा दुखू लागला, तर ‘अजून एक’ म्हणू नये. फेक थांबवावी आणि दुखणे राहिले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. मुलाचा हात चांगला आहे की नाही, हे पुढच्या हंगामातही पाहता येईल. त्यासाठी खांदा शाबूत हवा.