विश्लेषण: हातातली बंदूक गेली, पुढे काय? नेपाळमधल्या ‘अयोग्य’ मुलांचा धडा

नेपाळमध्ये १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी सुरू केलेला सशस्त्र संघर्ष २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारानं संपला. दहा वर्षांत सुमारे १७ हजार लोकांचा बळी गेला. करारानंतर माओवादी लढवय्यांना छावण्यांमध्ये ठेवण्यात आलं आणि संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये त्यांची एकेक करून पडताळणी केली. त्यात २,९७३ जण अल्पवयीन निघाले. सरकारदरबारी आणि बातम्यांमध्ये त्यांची एक नवी ओळख तयार झाली : ‘अयोग्य लडाकू’. या शब्दाचा नेपाळीत जो अर्थ, तोच मराठीत. युद्धात ओढल्या गेलेल्या मुलांना बाहेर काढणं म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे चुकतं, हे समजून घ्यायला नेपाळसारखं उदाहरण नाही.

‘अयोग्य’ ठरवलं म्हणजे काय?

पडताळणीचा निकष साधा होता. २५ मे २००६ रोजी, म्हणजे युद्धबंदीच्या वेळी, ज्यांचं वय १८ पेक्षा कमी होतं ते लढवय्ये म्हणून गणले जाणार नव्हते. हेतू चांगला होता. मुलांना सैनिक मानायचंच नाही, त्यांना लवकर घरी पाठवायचं. प्रत्यक्षात मात्र राजकीय घोळात त्यांची सुटका लांबली. सरकार, माओवादी पक्ष आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये कृती आराखड्यावर सह्या झाल्या डिसेंबर २००९ मध्ये आणि मुलं छावण्यांतून बाहेर पडू लागली जानेवारी २०१० मध्ये. तोवर त्यातले बहुतेक जण १८ पार करून गेले होते. शिक्षणाची वर्षं छावणीत गेली आणि बाहेर पडताना हातात ‘अयोग्य’ हा शिक्का.

मुलं बंदुकीपर्यंत पोहोचतात कशी?

सगळीच मुलं पळवून नेलेली नसतात. नेपाळमध्ये काहींना शाळेतून किंवा गावातून बळजबरीनं नेलं गेलं. काही जण गरिबी, जातीचा जाच किंवा घरातल्या माणसाला सुरक्षा दलांनी मारल्याचा राग यामुळे गेले. काही मुलींना घरच्या कामातून आणि लहान वयातल्या लग्नातून सुटण्याची ती वाट वाटली. शिवाय प्रत्येकाच्या हातात बंदूक नव्हती. कुणी निरोप पोहोचवायचं, कुणी ओझी वाहायचं, कुणी स्वयंपाक करायचं, कुणी प्रचाराच्या गाण्यांच्या पथकात असायचं. दुसरीकडे, माओवादी असल्याच्या संशयावरून सुरक्षा दलांनीही मुलांना डांबून ठेवलं होतं.

म्हणूनच २००७ च्या ‘पॅरिस तत्त्वां’मध्ये ‘बालसैनिक’ या शब्दाऐवजी ‘सशस्त्र दल किंवा गटाशी जोडली गेलेली मुलं’ असा व्यापक शब्दप्रयोग आहे. बंदूक हाती नव्हती म्हणून मदतीतून वगळलं, असं होऊ नये हा त्यामागचा विचार.

कायदा काय सांगतो?

१९८९ च्या बालहक्क करारात युद्धात थेट भाग घेण्यासाठी किमान वय १५ होतं. २००० साली आलेल्या आणि फेब्रुवारी २००२ मध्ये लागू झालेल्या पूरक करारानं ते १८ वर नेलं. देशांच्या सैन्यात १६ वर्षांनंतर स्वेच्छेनं भरती काही अटींवर चालते, पण सशस्त्र गटांना १८ खालचं कुणीही चालत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांची भरती हा तर युद्धगुन्हाच आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मार्च २०१२ मध्ये आपला पहिलावहिला निकाल याच गुन्ह्यावर दिला. काँगोमधला बंडखोर नेता थॉमस लुबांगा दोषी ठरला आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

याशिवाय संयुक्त राष्ट्रं सहा गंभीर गुन्ह्यांवर लक्ष ठेवतात : मुलांना मारणं किंवा जायबंदी करणं, भरती, लैंगिक अत्याचार, अपहरण, शाळा-रुग्णालयांवर हल्ले आणि मदत पोहोचू न देणं. असे गुन्हे करणाऱ्या सैन्यांची आणि गटांची नावं दरवर्षी महासचिवांच्या अहवालात छापली जातात. यादीतून नाव काढायचं तर कृती आराखडा मान्य करून तो पाळावा लागतो. नेपाळच्या माओवाद्यांचं नाव २०१२ मध्ये असंच निघालं.

मग नाराजी कशाची?

२०१२ मध्ये ज्या प्रौढ लढवय्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांना ५ ते ८ लाख नेपाळी रुपये मिळाले. ‘अयोग्य’ ठरलेल्यांना मात्र शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण, छोट्या धंद्यासाठी मदत असे पर्याय होते, रोख भरपाई नव्हती. मुलांना रोख पैसे दिले तर पुढच्या युद्धात भरतीचं आमिष तयार होतं आणि पैसे कमांडरच्या खिशात जातात, असा अनुभव इतर देशांत आला होता. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखं आहे. पण वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला शेजारच्या तंबूतल्या साथीदाराला लाखो रुपये मिळताना दिसतात आणि आपल्या वाट्याला शिवणकामाचं प्रशिक्षण येतं, तेव्हा त्याला ते संरक्षण वाटत नाही, अपमान वाटतो. या तरुणांनी भरपाईसाठी आणि ‘अयोग्य’ हा शब्द पुसावा यासाठी पुढे अनेक वर्षं आंदोलनं केली.

घरी परतल्यावर काय लागतं?

नेपाळमधल्या १४१ माजी बालसैनिकांची तुलना तितक्याच इतर मुलांशी करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणं माजी बालसैनिकांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये आढळली, इतर मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होतं. युद्धात काय पाहिलं याइतकंच, घर आणि गाव परत कसं वागवतं हेही महत्त्वाचं असतं. मुलींची वाट जास्त अवघड असते. घराबाहेर काढलेली वर्षं, दुसऱ्या जातीतलं लग्न, कडेवरचं मूल यावरून बोट दाखवलं जातं. त्यामुळे समुपदेशनाबरोबर शाळेत वयाला साजेसा प्रवेश, कमाईचं साधन आणि गावकऱ्यांशी संवाद हे सगळं एकत्र करावं लागतं.

भारतात काय तरतूद आहे?

भारतानं २००५ मध्ये वरील पूरक करार स्वीकारला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ८३ नुसार सशस्त्र गटानं मुलांची भरती किंवा वापर केल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. सशस्त्र संघर्षाची झळ बसलेलं मूल याच कायद्यानुसार ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल’ ठरतं. गडचिरोली किंवा बस्तरमध्ये चळवळीतून बाहेर आलेलं अल्पवयीन मूल म्हणूनच आधी मूल असतं, ‘नक्षलवादी’ नंतर.

यातली एक तरतूद मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चकमकीनंतर ‘पकडलेल्या पोराचा’ फोटो ग्रुपवर आला तर तो पुढे न पाठवणं हे म्हणूनच चांगुलपणापुरतं उरत नाही. तो फोटो पाच वर्षांनी त्या मुलाच्या कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, लग्नाच्या बोलणीत पोहोचू शकतो. नेपाळमध्ये एक शब्द मुलांना आयुष्यभर चिकटला. फोटो त्याहून घट्ट चिकटतो.